पापणीची बेल

चष्म्याच्या दुकानात वर्षानुवर्षं बसलं की माणसाला एक खोड लागते. समोरच्याच्या नजरेत काय दोष आहे ते आपल्यालाच कळतं, असं त्याला वाटायला लागतं. आपला चष्मेवाला या खोडीत पार बुडालेला होता. लोक त्याला नावानं हाक मारत नसत, चष्मेवालेच म्हणत, आणि त्यालाही ते गोड वाटायचं. फ्रेम वाकडी आहे की नाक वाकडं आहे, हे तो गिऱ्हाईक दारात असतानाच सांगायचा, आणि बहुतेक वेळा नाकच वाकडं निघायचं. एवढं एक कसब अंगात असलं की जगातलं बाकीचं सगळं सोपं वाटू लागतं. चष्मेवाल्याचं तसंच झालं आणि तो तोंडघशी पडला, तोही कुठं परक्या ठिकाणी नाही, स्वतःच्या वडिलांच्या खोलीत.

वडील म्हणजे गाडीमास्तर. हयातभर त्यांनी लोकांना मोटार शिकवली. शिकणारा स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, आणि मास्तरांच्या पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक. घरातही तो ब्रेक त्यांच्या पायाखाली असायचाच. मुलानं तोंड उघडायचा अवकाश, मास्तरांनी तो दाबलाच. त्यामुळे बापलेकांत बोलणं असं फारसं कधी झालं नाही. भांडणही नाही, हे विशेष. दोघं एकमेकांशी कामापुरते बोलत, आणि कामं काही रोज निघत नाहीत.

अशा माणसाचं सगळं अंग एका सकाळी बंद पडलं. मेंदूत गुठळी झाली. वाचा गेली, हातपाय गेले, मान वळायची थांबली. शाबूत राहिलं ते डोकं आणि पापण्या. डॉक्टर म्हणाले, यांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, यांच्याशी बोलत राहा. पापणी एकदा मिटली तर हो, दोनदा मिटली तर नाही, एवढी भाषा ठरली. ती चालायचीही बरी. फक्त कोणीतरी समोर उभं राहून विचारायला हवं होतं. खोलीत कोणी नसलं की मास्तरांची पापणी मिटली काय नि उघडली काय, सारखंच.

मग एका दुपारी सून गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली आणि इकडे वाऱ्यानं पडदा सरकला. ऊन थेट मास्तरांच्या डोळ्यांवर. हात आडवा धरता येत नाही, हाक मारता येत नाही. ती खाली आली तेव्हा त्यांची उशी ओली झाली होती. त्या संध्याकाळी ती नवऱ्यासमोर बसून रडली. सासऱ्याची सेवा करून दमली म्हणून नाही, तर त्या उन्हाच्या आठवणीनं.

"त्यांना बोलावता आलं पाहिजे," ती म्हणाली. "बाकी आपण करतोच आहोत की. त्यांना बोलावता आलं पाहिजे, बस."

व्यायाम घ्यायला येणारी फिजिओवाली म्हणाली होती की अशी यंत्रं मिळतात, पण मागवायला हवीत, यायला काही महिने लागतील. चष्मेवाल्यानं हात झटकला. महिने कशाला? त्याच्या दुकानात नजर तपासायचं एक मशीन होतं, ते इन्फ्रारेड किरण डोळ्यात सोडून नंबर काढायचं. म्हणजे इन्फ्रारेड आणि डोळा हा तर आपला रोजचा धंदा. चष्म्याच्या काडीवर एक छोटा इन्फ्रारेड दिवा बसवायचा, शेजारी एक सेन्सर. डोळा उघडा असला की किरण कमी परततात, पापणी मिटली की जास्त परततात. जास्त परतले की बेल वाजवायची. झालं काम. "त्यात काय आहे, मी करून देतो," असं तो बायकोला, फिजिओवालीला, दुकानाशेजारच्या शिंप्याला आणि दोन गिऱ्हाइकांना सांगून मोकळा झाला. आता त्या मशीनच्या पोटात काय चालतं याबद्दल त्याला जेवढं ठाऊक होतं, तेवढंच मशीनवर बसणाऱ्या माशीलाही ठाऊक होतं. पण माशी निदान शिंप्याला जाऊन सांगत नाही.

फ्रेम मात्र फर्स्ट क्लास झाली, हे मान्य केलं पाहिजे. हलकी, मास्तरांच्या नाकावर अशी बसली की जणू जन्मापासून तिथंच होती. पुढचं सगळं शिकायचं होतं, आणि शिकायला तो बाईंकडे गेला. बाई पूर्वी कारखान्यात अँप्लिफायर तपासायच्या, आता घराच्या पुढच्या खोलीत हौशी लोकांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. त्यांनी चष्मेवाल्याची सगळी योजना शांतपणे ऐकून घेतली, योजना चांगली आहे म्हणाल्या, आणि मग त्याच्या हातात एक ट्रान्झिस्टर ठेवून विचारलं, याचे तीन पाय कोणते कोणते. चष्मेवाल्यानं तो उजेडाकडे धरला, भिंगातून पाहिला, आणि अत्यंत आत्मविश्वासानं तिन्ही चुकीचे सांगितले.

पहिला आठवडा नुसत्या जळक्या वासात गेला. बाई सांगायच्या की ट्रान्झिस्टरच्या एका पायाला, म्हणजे बेसला, थोडासा करंट सतत देत राहायचा असतो, म्हणजे तो अर्धवट जागा राहतो, आणि मग बारीकशा सिग्नलनंही पुरता जागा होतो. चष्मेवाल्याला हे फार पटलं. पटलं म्हणून त्यानं थोडासा ऐवजी भरपूर दिला. ट्रान्झिस्टर जागा झाला, तापला, आणि कायमचा झोपला. दुसऱ्याचंही तेच. तिसरा त्यानं उलटा बसवला, तो मात्र थंड राहिला, आणि चष्मेवाल्याला वाटलं जमलं.

इन्फ्रारेड दिव्याची गंमत तर सांगायलाही नको. दिवा जोडला आणि लागेचना. त्यानं बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, दिवा बदलला, अख्खी संध्याकाळ डोळे बारीक करकरून त्या दिव्याकडे बघत बसला. शेवटी बाईंना फोन केला की सगळे दिवे सदोष निघाले. बाईंनी हळूच विचारलं की इन्फ्रारेड माणसाला दिसत नाही हे तुमच्या दुकानात कोणी सांगितलं नाही का. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा म्हणाल्या. त्यानं पाहिलं. सगळे दिवे छान जांभळट उजळत होते, टाकून दिलेलेसुद्धा. लोकांची नजर तपासणारा माणूस न दिसणाऱ्या उजेडाकडे टक लावून बसला होता, हे बायकोनं पुढं महिनाभर येईल त्याला सांगितलं.

हे सगळं चालायचं मास्तरांच्या खोलीत, कारण टेबल तिथं होतं आणि प्लगही तिथंच. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा तो तिथं बसायचा, संध्याकाळी आल्यावर परत बसायचा. मास्तर पलंगावरून बघत राहायचे. दुसरं करणार काय? मुलगा चटका बसून हात झटकतोय, खाली पडलेला रेझिस्टर शोधायला टेबलाखाली शिरतोय, वर येताना टेबलावर डोकं आपटतोय. चष्मेवाल्याला ती नजर पाठीवर जाणवायची आणि जुन्या सवयीनं त्याचे खांदे आखडायचे. आत्ता ब्रेक बसेल, असं वाटायचं. बसायचा मात्र नाही.

पण माणूस चिकट होता, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. सेन्सरकडून येणारा सिग्नल इवलासा असतो, तो अँप्लिफायरनं मोठा करायचा. मोठा करताना ट्यूबलाइटच्या उजेडाची थरथरही मोठी होते, ती गाळायची. उन्हातही इन्फ्रारेड असतं, म्हणून सेन्सरला काळ्या नळीची टोपी घालायची. माणूस उगाचही पापण्या मिटतो, म्हणून एक कपॅसिटर लावायचा. तो भरायला वेळ लागतो, त्यामुळे साध्या उघडझापीला बेल वाजत नाही, पापणी मुद्दाम मिटून धरली तरच वाजते. झोपताना चष्मा काढूनच ठेवायचा. आणि एक प्रीसेट, म्हणजे पेचकसानं फिरवायचा बारीकसा स्क्रू. तो एका बाजूला फिरवला की बेल हळवी होते, दुसऱ्या बाजूला फिरवला की बहिरी. बाईंनी एके दिवशी सगळं सर्किट मीटर लावून तपासलं आणि म्हणाल्या की बरं झालंय. बाईंकडून हे म्हणजे सत्कारच होता. चष्मेवाला रस्त्यानं येताना अनोळखी माणसांकडे बघूनही हसत होता.

चष्मा मास्तरांना लावला. बायको पलंगापाशी उभी राहिली. चष्मेवाला म्हणाला, बाबा, पापणी मिटून धरा. मास्तरांनी धरली, आणि टेबलावरचा बझर वाजला. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चष्मेवाल्यानं लगेच टेबलाकडे धाव घेऊन व्होल्टेज मोजलं.

आता सुखानं जेवावं की नाही? तो जेवायला बसला, पहिला घास घेतला, आणि बेल वाजली. धावत खोलीत गेला. सर्किटाजवळ वाकला, वायरी हलवल्या, मीटर लावला. सगळं ठीक. उगाचच वाजलं म्हणायचं. परत येऊन बसला, तर परत बेल. असं दिवसभर. त्यातही एक विचित्र प्रकार त्याच्या ध्यानात आला. तो खोलीत टेबलाशी बसलेला असला की बेल गप्प. तो बाहेर गेला की थोड्याच वेळात वाजते. यावर त्यानं खूप विचार केला. आणि शिकलेल्या विद्येला धरून त्याला एक कारणही सापडलं. आपण टेबलाशी बसतो तेव्हा आपल्या अंगानं खिडकीचा उजेड अडतो. आपण उठलो की तो उजेड सेन्सरवर पडतो. म्हणून बेल वाजते.

त्यानं खुर्चीवर आपला कोट टांगला. स्वतःच्या जागी. उजेड अडावा म्हणून कोटाच्या खांद्यांत उशीही कोंबली आणि ती खुर्ची बरोबर आपण बसतो तिथं ठेवून तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. बेल वाजली. कोटाचा काही उपयोग झाला नाही.

मग बाईंना फोन. बाईंची पद्धत एकच, आधी मोजा, मग बोला. त्यांनी सांगितलं की चष्मा वडिलांच्या डोळ्यांवरून काढा, टेबलावर ठेवा आणि दुपारभर बघा. त्यानं ठेवला. दुपारभर बेल एकदाही वाजली नाही. दोष सर्किटात नाही, असं बाई म्हणाल्या. इथं कोणाच्याही टाळक्यात प्रकाश पडला असता. चष्मेवाल्याला मात्र वेगळाच झटका बसला. सर्किटात दोष नाही म्हणजे फ्रेममध्ये दोष आहे? आपल्या फ्रेममध्ये? नाकावरून घसरत असणार. पापणीपासूनचं अंतर बदलत असणार. दोन दिवस तो नाकावरच्या रबरी गाद्या बदलत बसला. मास्तरांचं नाक त्यानं सगळ्या बाजूंनी मोजलं. नाकाच्या वर दोन डोळे होते आणि ते त्याच्याकडे बघत होते, पण तो मिलिमीटरची पट्टी वाचत होता.

बायको एकदा म्हणाली की मी गेले खोलीत बेल वाजल्यावर, पाणी विचारलं, कूस बदलू का विचारलं, सगळ्याला नाही म्हणाले. चष्मेवाला म्हणाला, तेच तर. काही नको असताना वाजते, यालाच दोष म्हणतात.

शेवटी त्यानं इलाज केला. कपॅसिटर मोठा लावला, म्हणजे पापणी बराच वेळ मिटून धरावी लागेल. बेल तरीही वाजली, थोडी उशिरा. मग त्यानं पेचकस घेतला आणि प्रीसेट फिरवला. जरासा, अजून जरासा. तपासायला बाबांना पापणी मिटायला सांगावं, हे त्याला सुचलं नाही. बेल बंद होणं हीच त्याची तपासणी होती. तो बाहेर जाऊन बसला. कान लावून बसला. बेल नाही. जेवला, बेल नाही. संध्याकाळी दुकानातून आला, बेल नाही. बायकोला म्हणाला की बघ, जमलं एकदाचं. शेजारच्या शिंप्यालाही त्यानं सांगितलं, आणि ट्रान्झिस्टर अर्धवट जागा कसा ठेवतात यावर उभ्या उभ्या असे तारे तोडले की शिंप्याची सुई हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकान बंद करून घरी आला, हातपाय धुतले, आणि पुढच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन पडला. टेबलाशी आता काम उरलं नव्हतं, त्यामुळे वडिलांच्या खोलीत जायचंही कारण उरलं नव्हतं. बायको औषध द्यायला आत गेली आणि तिनं त्याला हाक मारली. आवाज असा की वर्तमानपत्र त्याच्या हातातून खालीच पडलं.

मास्तरांनी डोळे घट्ट मिटलेले होते. नुसते मिटलेले नव्हते, आवळून धरलेले. कपाळावरची शीर तटतटली होती आणि पापण्यांच्या कडांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. टेबलावरचा बझर गप्प बसला होता.

"बेल वाजत नाहीये," बायको म्हणाली.

"दुरुस्त केली ना काल," चष्मेवाला म्हणाला. इतका मूर्ख माणूस शोधून सापडला नसता.

"अहो, ते बोलावतायत."

तो तिथंच उभा राहिला. तिनं सासऱ्यांच्या कपाळावर हात ठेवला, बाबा, आम्ही आहोत, उघडा डोळे, असं म्हणाली. मास्तरांनी डोळे उघडले, लालभडक. ती एकेक विचारू लागली. काही दुखतंय का? दोनदा मिटले. पाणी? दोनदा. ऊन येतंय? दोनदा. मग ती थांबली आणि नवऱ्याकडे बघून तिनं विचारलं, "यांना बोलावत होता?"

पापणी एकदा मिटली.

"काय काम होतं बाबा?" चष्मेवाल्यानं विचारलं. आता या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर कसं देणार माणूस? त्यानं सावरून पुन्हा विचारलं, "काही काम होतं का?"

दोनदा मिटली. नाही.

"इतके दिवस तुम्हीच वाजवत होता? प्रत्येक वेळी?"

एकदा.

चष्मेवाल्याला सगळं एकदम दिसलं, आणि दिसलं ते फार वाईट दिसलं. प्रत्येक हाकेला तो धावत आला होता. घरात असताना वाजलेली एकही बेल त्यानं चुकवली नव्हती. आणि प्रत्येक वेळी बापाकडे पाठ करून त्यानं टेबलावरच्या वायरी हलवल्या होत्या. बापानं आणखी जोर लावून बोलावलं, तेव्हा त्यानं आणखी मोठा कपॅसिटर आणला होता. ज्यांना बोलावता यावं म्हणून ही सगळी खटपट केली, त्यांचं तोंड त्यानं स्वतःच्या हातानं पेचकस फिरवून बंद केलं होतं, आणि वर शिंप्यापुढं छाती फुगवली होती. त्याला रडू आलं. बायकोसमोर आलं, वडिलांसमोर आलं, त्यानं ते लपवलंही नाही.

त्यानं प्रीसेट परत जागेवर आणला. पेचकस दोनदा निसटला. कपॅसिटर जुना लावला. बेल वाजते का ते या वेळी त्यानं वडिलांना विचारून बघितलं. वाजली.

"अहो, आता बसा की खाली," बायको म्हणाली. "उभे काय राहिलात?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या खोलीत आपण टेबलाशी तेवढे बसलो, पलंगापाशी नाही. त्यानं खुर्ची ओढली, तिच्यावरचा कोट काढून बाजूला टाकला आणि मास्तरांच्या समोर बसला. बसला खरा, पण बोलायचं काय? दोघांना सवय नाही. म्हणून त्यानं जे येत होतं ते सुरू केलं. प्रीसेट म्हणजे काय, तो फिरवल्यावर बेसच्या करंटचं काय होतं, पापणीवरून किरण किती परततात. मास्तरांनी दोनदा पापणी मिटली. नाही. बायकोला हसू फुटलं. चष्मेवाला पुरता ओशाळला.

मग त्यानं दुकानातलं सांगितलं. सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले होते. चष्मा हरवला म्हणून नवा करायला. अर्धा तास फ्रेमी बघितल्या, एकही पसंत पडेना, सगळ्या अंधुक दिसतात म्हणाले, आणि चष्मा त्यांच्या कपाळावर चढवलेला होता. चष्मेवालाही अर्धा तास त्यांना फ्रेमी दाखवत होता, त्याचंही लक्ष गेलं नव्हतं. हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू उमटण्याइतकं काही शिल्लक नव्हतं, पण डोळे बारीक झाले आणि तसेच राहिले. मग त्यानं आणखी एक सांगितलं. त्यातही गाढव तोच होता. ते मास्तरांना जास्त आवडलं असावं, कारण त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. बायको औषधाचा पेला घेऊन कधी निघून गेली ते त्याला कळलंही नाही.

दुकान उघडायची वेळ झाली. चष्मेवाला उठला, येतो बाबा म्हणाला, आणि दारापर्यंत पोचला तोच मागे बेल वाजली. सवयीनं त्याची नजर आधी टेबलाकडेच गेली. ती त्यानं तिथून ओढून आणली आणि वडिलांच्या तोंडाकडे बघितलं.

"हो बाबा," तो म्हणाला, आणि परत येऊन खुर्चीवर बसला. त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.